पिंपळटेकचं वारं

एकलहरे,
१२ नोव्हेंबर १९८४

ती. सौ. मालनवहिनींस,
धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचायला घेण्याआधी चुलीवरचं दूध उतरवून ठेवा. मागच्या वेळी माझ्या पत्रापायी ते उतू गेलं आणि बोल मला लागला.

बातमी अशी, की आपल्या पिंपळटेकला सरकार येणार आहे. मतं मागायला नाही, वारा मोजायला. हसू नका. बाहेरच्या देशांत म्हणे डोंगरावर ताडाएवढे पंखे उभे करतात. वारा ते फिरवतो आणि त्यातून वीज निघते. इथे वीजघरात आम्ही गाड्याच्या गाड्या कोळसा जाळतो आणि राख अंगावर घेऊन घरी जातो. यशोदा रोज संध्याकाळी मला दारातच झटकून घेते, सतरंजी झटकावी तशी. वाऱ्याला ना धूर, ना राख.

खांबेटे म्हणून एक साहेब आहेत, पुण्याचे. ते जिल्ह्यातल्या उंच आणि उघड्या जागा हुडकत फिरताहेत. आमच्या गेस्ट हाउसला उतरले होते. त्यांना कुणीतरी पिंपळटेकचं नाव सांगितलं. कुणी, ते विचारू नका.

साहेब याच महिन्यात येतील. वारा कधी असतो, किती असतो, कुठून येतो, एवढंच विचारतील. सगळ्यांनी सरळ उत्तरं द्यावीत. हे पत्र दादाला वाचून दाखवा आणि चावडीवरही वाचा. चहात गुळाऐवजी साखर घालावी. आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालता ना?

तुमचा,
रंगनाथ


पिंपळटेक,
३ डिसेंबर १९८४

चि. रंगनाथभाऊजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

दूध उतरवलं होतं. भाकरी करपली.

तुमचे साहेब येऊन गेले. तुमचं पत्र मी चावडीवर वाचलं होतं, अगदी तुम्ही लिहिलं तसं. पण पुढं कोंडाजी कोतवालाने दवंडी दिली. तो कधी दुसऱ्याचा शब्द जसाच्या तसा बोलला आहे? गल्लोगल्ली ओरडत गेला, "ऐका हो ऐका! सरकार आपल्या गावचं वारं मोजाया येनार हाय हो!"

झालं. आपल्याकडं वारं म्हटलं की लोकांना आधी आत्याबाई आठवतात. चैत्री पुनवेला टेकावरच्या टेकाईदेवीपुढं तुमच्या आईच्या अंगात वारं येतं, हे पार सिन्नरपर्यंत ठाऊक. गावानं धरलं, की कुणीतरी चुगली केली आणि आता त्यांचं वारं खरं का खोटं ते तपासायला साहेब येतोय. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं, कपाळाला भंडारा लावला आणि ओट्यावर बसल्या. सगळं गाव भोवती.

साहेब पुण्याचे, पण खेड्यात आलोय तर आपल्यासारखं बोलावं म्हणून गेले आणि तिथंच फसले. म्हणाले, "काय मंडळी, इथे वारं कधी असतं?"

कोंडाजी म्हणाला, "चैत्राच्या पुनवेला, साहेब. येरवी नाय."

"वर्षातून एकदाच?"

"आवसेला कदीमदी झुळूक येती. पन तिचा भरवसा नाय."

"बरं. जोर कितपत असतो?"

"लय! चार बाया धरत्यात तरी आवरत नाय."

साहेबांनी एकदा आपल्याच कागदाकडं पाहिलं. "किती वेळ टिकतं?"

"आरती सरस्तोवर."

"आणि मग एकदम पडतं?"

"पडत्यात तर! पानी शिंपावं लागतं तोंडावर."

दिशा विचारली तेव्हा तुमचे दादा, जे एरवी घरात तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "उगवतीकडं तोंड आसतंय." साहेबांनी तेही लिहून घेतलं. निघताना आत्याबाईंनी त्यांच्या हातात लिंबू ठेवलं. "जप लेकरा. लय उन्हातानाचा फिरतोस." साहेबांनी ते खिशात घातलं.

मी दाराआड होते, पदर तोंडात धरून. वडीलधारी बोलत असताना सुनेनं मधे कसं बोलावं?

साहेबांना आपल्या गावचं नाव कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. त्यांच्याजवळच्या कागदावर तुमच्या हाताचा नकाशा होता. त्यात आपलं घर देवळापेक्षा मोठं काढलंय.

यशोदेला आशीर्वाद. तुम्हाला झटकल्यावर दोन धपाटे जास्तीचे घालायला सांगा.

मालन


एकलहरे,
२० जानेवारी १९८५

ती. सौ. वहिनींस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून यशोदा हसून हसून खाली बसली. मी मात्र डोकं धरून बसलो. खांबेटे साहेब परवा भेटले. म्हणाले, "रंगनाथ, तुमच्या गावाचा काही उपयोग नाही. तिथे वारा फक्त पौर्णिमेला येतो आणि बायकांना पाडून निघून जातो." पिंपळटेकवर काट मारायच्या बेतात होते. मी सगळा उलगडा केला. आधी त्यांचा विश्वास बसेना, मग पोट धरून हसले. खरा खुलासा झाला हे बरं झालं.

वहिनी, बाकी लोकांचं सोडा. पण तुम्ही सातवी पास. तुम्हालाही गोंधळ कळू नये याचं नवल वाटलं.

आता पुढचं ऐका. आधी एक उंच खांब रोवतील आणि त्यावर वारा मोजायचं यंत्र बसवतील. वारा पुरेसा निघाला तर सगळ्या टेकावर पंखे येतील आणि भोवती तारेचं कुंपण. विजेचा मामला, आत कुणाला जाता येणार नाही. टेकावरचं खळं कुंपणात जाईल हे खरं. पण गावात वीज आली की मळणीयंत्र येईल, घरात पंखा लागेल. वाऱ्याची वाट बघत सूप घेऊन कोण उभं राहतं आता? टेकाईचं ठाणं खाली पारापाशी आणता येईल.

आणि मनातलं सांगतो. पंखे सांभाळायला तिथे माणूस लागेल. साहेब माझं नाव सुचवतो म्हणालेत. दहा वर्षं या राखेत काढली, आता गावी येऊन राहायची फार इच्छा आहे. तुम्ही दादाचं मन वळवा. तुमचं तो ऐकतो.

रंगनाथ


पिंपळटेक,
११ फेब्रुवारी १९८५

चि. रंगनाथभाऊजींस,
आशीर्वाद.

सातवीचा टोमणा पोचला. सायखेड्याच्या शाळेत मी भूगोलात पहिली होते. वारा कशाला म्हणतात आणि वारं कशाला, हे मला साहेबांच्या पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर घोटाळा तिथंच मिटला असता, पण टेकावर कुंपण पडायची वाट मोकळी झाली असती. तेव्हा पदर तोंडात धरला तो हसू आवरायला थोडा आणि तोंड आवरायला जास्त. तुम्ही मधे पडून सगळं निस्तरलंत, त्याबद्दल तुमचं कौतुक करावं की कान धरावा, ते अजून ठरलं नाही.

तुमची योजना मी ह्यांना समजावून सांगितली. टेकावरचा वारा पंखा फिरवणार. पंखा वीज करणार. वीज तारेतून माझ्या घरात येणार. तिथं दुसरा पंखा फिरणार, त्याचा वारा सुटणार, आणि त्या वाऱ्यात मी बाजरी वारवणार. भाऊजी, वारा तर आमच्याकडं पहिल्यापासूनच आहे. तो सरकारकडं पाठवून परत कशाला मागवायचा? हे ऐकून तुमचे दादा चक्क हसले. लग्नानंतर दुसऱ्यांदा.

आता थट्टा पुरे. खाली गावात, दोन डोंगरांच्या कुशीत, वारा फिरकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. सगळ्या घरांची रास टेकावर पडते आणि ती वारवायला बायकाच जातात. घरात जिला मोठ्यानं बोलायची सोय नाही, तीही तिथं बोलते, गाते, सासूच्या नकला करते. सासवाही तिथंच असतात आणि हसतात. मी सायखेड्याहून आले तेव्हा गोदावरीच्या काठची पोर, इथल्या माळावर जीव गुदमरायचा. रात्रंदिवस रडायचे. आत्याबाईंनी एक दिवस मला टेकावर नेलं, हातात सूप दिलं आणि म्हणाल्या, "तुज्या माहेरी पानी वाहतं, हितं वारं वाहतं. वाहत्यापाशी बसावं, म्हंजी जीव रमतो." त्या दिवशी मी या गावची झाले. ते खळं मी कुंपणात जाऊ देणार नाही. तुम्ही गावी यावं असं मला फार वाटतं, पण त्यासाठीसुद्धा नाही.

तुम्हाला ते खळं द्यायचंच असेल तर चैत्री पुनवेला या आणि तुमच्या आईला तुमच्या तोंडानं सांगा. नोकरी लागल्यापासून तुम्ही दिवाळीला येता, संक्रांतीला येता, पण पुनवेलाच बरी तुमची ड्यूटी लागते! आईच्या अंगात येतं हे तिकडच्या लोकांना कळू नये, म्हणून ना? मला काही सांगू नका. तुमचं नाक पुसलेलं आहे मी.

मालन


पिंपळटेक,
१५ एप्रिल १९८५

चि. भाऊजी,

पुनवेला आलात, साहेबांना घेऊन आलात आणि न जेवता गेलात. साहेब चार पुरणपोळ्या जेवले, तुमच्या वाटणीची गाईनं खाल्ली. मी खाली चुलीपाशी अडकलेली, टेकावर काय झालं ते मला धड कुणी सांगेना. कोंडाजी म्हणतो, देवीनं रंगनाथला शाप दिला. ठमाबाई म्हणते, वर दिला. तुमचे दादा म्हणतात, "जे व्हायचं ते झालं." आत्याबाईंना वारं उतरल्यावर काही आठवत नाही आणि आठवत असलं तरी त्या सांगणार नाहीत.

मग तुम्हीच सांगा. मी रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले आहे, पुरणपोळीवरून.

मालन


एकलहरे,
२ मे १९८५

ती. सौ. वहिनींस,
सा. न.

लिहायला उशीर झाला. सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

आम्ही टेकावर पोचलो तेव्हा आरती सुरू झाली होती आणि आईला वारं आलं होतं. डफ, हळद, केस मोकळे सोडलेले. साहेबांसमोर मला कानकोंडं झालं. म्हटलं, हिच्या मागून हळूच पलीकडे जावं, साहेबांना जागा दाखवावी आणि उतरावं. खळ्यावरून दोन पावलं गेलो असेन. आई एकदम थांबली. डफ थांबला. तिला तर समोरचा माणूस दिसत नाही. पण ती ओरडली, "कोन रं त्यो? खळ्यावर पायतान घालून कोन आलं?"

मी पायांकडे पाहिलं. सरकारी काळे बूट. वहिनी, लहानपणी खळ्यावर चप्पल घातली म्हणून तुम्ही मला भर बायकांत रागे भरला होता, आठवतं? आणि मी बूट घालून खळ्यावर गेलो होतो. मला पत्तासुद्धा नाही.

मग माझ्याआधी खांबेटे साहेब खाली बसले आणि स्वतःचे बूट सोडायला लागले. मीही बसलो. नाडीची गाठ सुटेना. आई चाचपडत माझ्यापर्यंत आली. माझा पाय हातात घेतला. अंगठ्याजवळ विळ्याची जुनी खूण आहे, तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "माजा रंगाच हाय. वारं न्यायचं तर न्ये बाबा. पन पाय उघडं ठिवून न्ये."

ती आई बोलली की टेकाई, मला सांगता येणार नाही. मला रडू आलं. सगळ्या गावासमोर रडलो. म्हणूनच न जेवता पळालो. तुमच्यासमोर तसल्या तोंडानं बसायचा धीर नव्हता.

मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. उतरताना साहेब अनवाणीच चालत होते, काट्याकुट्यातून. म्हणाले, "पलीकडचं टेपाड कुणाचं आहे?" म्हटलं, "कुणाचंच नाही, नुसता दगड." ते म्हणाले, "मग खांब तिथे रोवू. पुढे पंखे आले तरी खळं बाहेर ठेवायचं, हे मी आताच लिहून टाकतो. पंखे थोडे कमी बसतील."

पंखे कमी म्हणजे माणसंही कमी लागणार. माझं नाव राहतं की जातं, कोण जाणे. पण वहिनी, तुमचं खळं वाचलं.

रंगनाथ


पिंपळटेक,
२६ जानेवारी १९८६

चि. रंगनाथभाऊजींस,
आशीर्वाद.

खांबेटे साहेबांनी टेपाडावर खांब रोवून आता चार महिने होतील. आडनावाला शोभेल असंच काम मिळालंय त्यांना. वरती तीन वाट्या आहेत, वारा आला की गरगरा फिरतात. पहिले आठ दिवस गाव माना वर करून चालत होतं. सावळीराम तसाच चालत गेला आणि गोठ्यात पडला.

तुम्हाला गंमत सांगते. त्या वाट्या खाली गावातून दिसतात. पूर्वी आम्ही सूप-पाट्या घेऊन टेकावर जायचो आणि वारा नसला की तशाच बसून राहायचो. आता अंगणातून वर बघायचं. वाट्या फिरायला लागल्या की एकीनं दुसरीला हाक मारायची आणि निघायचं. यंदा बाजरी निम्म्या खेपांत वारवून झाली. सरकारचा आम्हाला झालेला हा पहिला उपयोग. साहेबांना सांगा, पण फार फुगू देऊ नका.

आत्याबाई रोज सकाळी ओट्यावर बसून मला विचारतात, "मालन, रंगाचं चाक फिरतंय का?" मी सांगते, फिरतंय. एकदा फिरत नव्हतं तरी म्हटलं, फिरतंय. त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नको, वारं पडलंय." मग मला कशाला विचारतात, सांगा!

मधून मधून या. त्यांचं अंग आता फार उतरलंय. देवळाली कॅम्पच्या सरावाच्या तोफा वाजल्या तरी दचकतात.

मालन


एकलहरे,
८ मार्च १९८७

ती. सौ. वहिनींस,
सा. न.

आईचं वर्षश्राद्ध भाद्रपदात येईल, तेव्हा मी आणि यशोदा चार दिवस आधी येऊ. अजून सकाळी उठलो की वाटतं, तुमचं पत्र यावं आणि त्यात आईचा निरोप असावा.

आज वेगळीच बातमी आहे. वाऱ्याचं गणित लागलं. पिंपळटेकला आषाढ-श्रावणात वारा चांगला, पण बाकीचे महिने कमी पडतो. पंखे दुसरीकडे लागतील, आपल्याकडे नाही. म्हणजे कुंपण नाही, मळणीयंत्र नाही आणि माझी बदलीही नाही. वहिनी, तुम्ही जिंकलात. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. गावातल्या घराला चुना लावायचा, परसात पेरू लावायचा, असलं काय काय मनात ठरवून ठेवलं होतं.

खांबाची आता गरज नाही. वैशाखात माणसं येऊन तो उतरवून घेऊन जातील. कोंडाजीला सांगा, तारा कुणी तोडू नयेत.

चैत्री पुनवेला यावं असं होतं, पण या वेळी खरोखरच ड्यूटी आहे. शपथ.

रंगनाथ


पिंपळटेक,
१७ एप्रिल १९८७

चि. रंगनाथभाऊजींस,
आशीर्वाद.

परवा पुनव झाली. आत्याबाईंवाचूनची पहिली. सगळं गाव टेकावर आलं होतं. आरती झाली, डफ वाजला, आणि कुणाच्याच अंगात काही आलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. थोरली सून म्हणून आता माझ्या अंगात येईल अशी लोकांची अटकळ. मी डोळे मिटून उभी राहिले. मला आला तो हुंदका. दुसरं काही आलं नाही.

डफ वाजवणारा थकला. म्हाताऱ्या बाया म्हणायला लागल्या, देवी रुसली, गाव सोडून गेली. पान हलत नव्हतं. बायका पोरांना उचलून निघायच्या बेतात होत्या. तेवढ्यात कोंडाजी ओरडला, "आरं, वर बगा! वाट्या फिरत्यात!"

आम्ही टेपाडाकडं वळून पाहिलं. चांदण्यात तो खांब लखलखत होता आणि वरती तिन्ही वाट्या गरगरा फिरत होत्या. खाली माझ्या पदराचं टोकसुद्धा हलत नव्हतं. कोंडाजीनं पागोटं काढलं आणि म्हणाला, "म्हातारी आली. खांबात आली."

मग काय विचारता! बायका धावत सुटल्या. खांबाला भंडारा लावला, लिंबू बांधलं, ओटी भरली. तुमचे दादा, जे कधी टेकाईपुढंही दोनदा वाकत नाहीत, ते त्या लोखंडाला हात लावून किती तरी वेळ उभे होते. वारं मोजायला आणलेला खांब, शेवटी वारं त्याच्याच अंगात आलं.

भूगोल मला येतो, भाऊजी. वर वारा असतो तेव्हा खाली असतोच असं नाही. तरी मी हात जोडले. तुम्हाला हसायचं असेल तर यशोदेसमोर हसा, मला कळवू नका.

आणि आता माझं मागणं. ज्या खांबाला मी दोन वर्षांपूर्वी येऊ देत नव्हते, तो आता जाऊ देऊ नका. मी रोज सकाळी अंगणात उभी राहते आणि वर बघते. मला कुणी विचारत नाही चाक फिरतंय का. तरी मी सांगते.

मालन


एकलहरे,
५ मे १९८७

ती. सौ. वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हसलो नाही. यशोदेला पत्र वाचून दाखवायला गेलो आणि निम्म्यावर मला वाचता येईना. पुढचं तिनं वाचलं.

तुमचं पत्र घेऊन खांबेटे साहेबांकडे गेलो. वाटलं, पुण्याचा माणूस, हसेल. त्यांच्या टेबलावर आईनं दिलेलं लिंबू अजून आहे, वाळून सुपारीएवढं झालेलं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "अंगात वारं असताना कुणाला मधेच खाली उतरवतात का हो?" वरती त्यांनी काय कळवलं ते ठाऊक नाही. खांब तिथेच राहणार, एवढं त्यांनी मला हातावर हात मारून सांगितलं.

पुढच्या चैत्रात मी येतो. बूट टेकाच्या पायथ्याशी काढीन, पुरणपोळी जेवल्याशिवाय परतणार नाही. रजेचा अर्ज आजच देऊन टाकला. कॅन्टीनमध्ये सगळे बसले होते, कुणीतरी विचारलं, "वर्षभर आधी रजा? घरी लग्न आहे की काय?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाही. माझ्या आईचं वारं आहे."

तुमचा,
रंगनाथ